वैरागची गाडी, बार्शी लाइट आणि आसाचा हिशेब

धागा लांबणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. विषय मात्र चार बोटांच्या जागेचा आहे. चाक आसावर ज्या ठिकाणी टेकते आणि फिरते, ती ही जागा.

बार्शीहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैराग लागते. ऊसतोडीच्या हंगामाच्या तोंडावर तेथील रस्त्याकडेच्या वर्कशॉपांसमोर बैलगाड्या उभ्या असतात. एका बाजूला दगडांची चळत रचून गाडी उचललेली, चाक काढून भिंतीला टेकवलेले, आणि आसाचे उघडे टोक काळ्या ग्रीसने माखलेले. जमिनीवर पसरलेल्या फडक्यावर दोन बेअरिंगे रॉकेलने धुऊन सुकत ठेवलेली असतात. एक मोठे, एक लहान. दोन्हींचे रोळे सरळ नळीसारखे नसून एका टोकाला किंचित निमुळते असतात. गाडी बैलांचीच, जू तेच, सापत्या त्याच. पण चाकाच्या पोटात मात्र मोटारीचे यंत्र बसलेले. हे यंत्र तेथे कसे पोहोचले आणि त्याने बैलाच्या खांद्यावरचा भार खरोखर किती हलका केला, हे दोन प्रश्न या धाग्याचे आहेत. दुसऱ्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

आरंभ शब्दापासून करू. संस्कृतातील ‘अक्ष’ प्राकृतात ‘अक्ख’ झाला आणि मराठीत ‘आख’ व ‘आस’ अशा दोन रूपांनी उतरला. इंग्रजीतील अ‍ॅक्सल आणि लॅटिनमधील अ‍ॅक्सिस हे त्याच कुळातले. चाकाच्या मध्यभागाला संस्कृतात नाभि, काड्यांना अर, कडेला नेमि, आणि चाक आसावरून निसटू नये म्हणून टोकाशी ठोकायच्या खिळीला ‘आणि’ म्हणत. मराठीत अर ‘आरे’ होऊन टिकले. खिळीला आपण खीळच म्हणतो, आणि एखादे काम अडले की त्याला ‘खीळ बसली’ म्हणतो. मौज अशी की गाडीची खीळ गाडी थांबवण्यासाठी नसते. ती निघाली की गाडी थांबते.

महाराष्ट्रातील चाकाचा सर्वांत देखणा पुरावा प्रवरेकाठच्या दायमाबादचा. १९७४ साली तेथे चार काशाच्या वस्तू मिळाल्या : हत्ती, गेंडा, रेडा, आणि बैलजोडी जुंपलेला एक रथ. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. त्यात हाकणारा मनुष्य उभा. या वस्तूंच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण साडेतीन हजार वर्षांहून त्या अलीकडच्या नाहीत असे बहुतेक मानतात. रथाची चाके भरीव आहेत, आरे नाहीत. म्हणजे दोन बैल, मध्ये दांडी, मागे आस आणि दोन चाके, हा आराखडा दख्खनमध्ये तेव्हाच ठरून गेला होता. पुढची कित्येक शतके बदल झाला तो चाकात आणि आसाच्या टोकात.

देशावरच्या जुन्या गाडीचे चाक ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे थांबतो. चाकाच्या मध्यभागी बाभळीचा तुंबा. बाभूळच का, तर तिचे लाकूड चिवट असते आणि आऱ्यांसाठी चहूबाजूंनी भोके पाडली तरी फाटत नाही. तुंब्यात आरे, आऱ्यांच्या टोकांवर वक्र पाटे, आणि पाट्यांवर लोखंडाची धाव. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतात, गोवऱ्यांच्या आगीत तापवून लाल करतात, फुगलेली धाव चिमट्यांनी उचलून चाकावर बसवतात आणि लगोलग पाणी ओततात. लोखंड आकसते आणि सगळे सांधे करकचून आवळले जातात. खिळ्यांवाचून बसलेले हे चाक पुढे वर्षानुवर्षे दगडगोटे सोसते. तुंब्याच्या भोकात लोखंडी नळी ठोकलेली असते आणि त्या नळीतून आसाचे टोक बाहेर येते. आस फिरत नाही. चाक आसाभोवती फिरते. लोखंड लोखंडावर घासू नये म्हणून मध्ये वंगण. एरंडेल किंवा जळके तेल, त्यात काजळी वा राख कालवून, चिंध्यांचा बोळा बुडवून आत सारायचे. वंगणाचे नळकांडे साट्याखाली टांगलेले असे. गाडी करकरू लागली की ते विसरल्याचे सगळ्या गावाला कळे.

हे चाक मुळात सुतार आणि लोहार या दोन बलुतेदारांचे संयुक्त काम होते. त्यांचे पुढे काय झाले, ते धाग्याच्या शेवटाकडे येईल.

आता रस्ता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत दख्खनचा लांबचा व्यापार गाड्यांवर चालत नव्हता, हे आपण सहसा विसरतो. धान्य, मीठ, कापूस हे सारे वंजारी-लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. हजारो बैलांचे तांडे. गाड्या होत्या, पण त्या अवजड, भरीव चाकांच्या. एकेका गाड्याला सहा-सहा, आठ-आठ बैल लागत आणि त्यांचा उपयोग शेतापुरता किंवा दगड वाहण्यापुरता. १८३० च्या दशकाच्या उत्तरार्धात महसूल मोजणीच्या कामावरील लेफ्टनंट गेसफर्ड नावाच्या अधिकाऱ्याने सोलापूर जिल्ह्यातच, टेंभुर्णीस, गाड्या बांधण्याचा कारखाना काढला. हलकी, दोन बैलांची, आऱ्यांच्या चाकांची, सामान्य कुणब्याला परवडेल अशी गाडी तेथे घडू लागली. ‘पारंपरिक’ म्हणून आज चित्रांत आणि लग्नपत्रिकांवर जी बैलगाडी छापतात, ती आपल्या भागात सार्वत्रिक झाली ती या नंतरच्या पन्नास वर्षांत, सरकारी रस्त्यांच्या पाठोपाठ. तिची मुळे अर्थातच जुनी. पण प्रत्येक शेतकऱ्याच्या दारात गाडी, हे दृश्य फार प्राचीन नाही. मला स्वतःला हे प्रथम वाचले तेव्हा थोडा धक्काच बसला होता.

पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. नागपूर-वऱ्हाडकडे त्या काळची अशी कथा सांगितली जाई की शेतकऱ्यांनी पैशाच्या धुंदीत गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा चढवल्या. कथेत अतिशयोक्ती असणारच. पण तिकडे पैसा कोणत्या वस्तूवर उधळला म्हणून सांगतात, हे पाहण्यासारखे आहे.

येथे एक छोटा हिशेब मांडतो. आकडे ढोबळ आहेत, पण प्रमाण खरे आहे.

गाडी आणि माल मिळून आसावर १,००० किलो भार आहे असे समजा. आसाच्या टोकाची त्रिज्या अडीच सेंटिमीटर, चाकाची ७५ सेंटिमीटर; म्हणजे चाक आसाच्या तीसपट मोठे. वंगण घातलेल्या आसावर घर्षण भाराच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणजे १०० किलोइतका जोर. परंतु हा जोर आसाच्या पृष्ठभागावर लागतो, आणि चाकाच्या कडेशी येईतो तो तिसाव्या हिश्श्यावर येतो. बैलाला त्यासाठी ओढावे लागते ते फक्त सव्वातीन किलो. वंगण पूर्ण वाळले तर दहा किलो. उलट त्याच गाडीला मऊ मातीच्या वाटेवर जमिनीच्या विरोधासाठी ऐंशी-शंभर किलो जोर लागतो. पावसाळ्यात काळ्या रानात त्याहूनही कितीतरी अधिक.

याचा अर्थ उघड आहे. मातीच्या वाटेवर आसाचे घर्षण हे एकूण कष्टाच्या मानाने किरकोळ होते. मोठ्या चाकाने तो प्रश्न केव्हाच सोडवला होता. शतकानुशतके कोणी चाकाच्या पोटात गोळ्या बसवण्याच्या खटपटीत का पडले नाही, याला ‘आपले लोक मागासलेले होते’ हे उत्तर चुकीचे आहे. त्या रस्त्यावर त्या सुधारणेतून हाती लागण्यासारखे फारसे काही नव्हते. रस्ता जसजसा टणक आणि गुळगुळीत होत जातो, तसतसा जमिनीचा विरोध घटतो आणि आसाचा वाटा डोळ्यांत भरू लागतो. डांबरी सडकेवर तीच लोखंडी धावेची गाडी वीस किलोच्या आत-बाहेर जोराने चालते. तेथे वाळक्या आसाचे दहा किलो म्हणजे चांगलाच बोजा.

आणि रुळावर? तेथे तर सगळा हिशेबच उलटा होतो. त्यासाठी वैरागच्या गाडीवानाबरोबर बार्शीपर्यंत जाऊ.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८५९ मध्ये आजच्या कुर्डुवाडीपर्यंत आली आणि १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली. कुर्डुवाडीच्या स्टेशनाला तेव्हा नाव दिले ‘बार्शी रोड’. नावात बार्शी होती, पण गाव तेथून २१ मैलांवर. बार्शी ही बालाघाटाच्या पायथ्याची मोठी पेठ. निजामाच्या मुलखातला कापूस, गळिताची धान्ये, ज्वारी तेथे उतरे. वैराग आणि भोवतालच्या गावांतील गाड्याही तिकडेच. पेठेपासून स्टेशनापर्यंतचा तो शेवटचा टप्पा पुन्हा बैलांचा. इंग्लंडला जाणाऱ्या कापसाच्या प्रवासातील हे २१ मैल सर्वांत मंद होते.

हे ओळखणारा मनुष्य होता एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप. जन्म १८५७, इंग्लंडमधील लिंकनशायर. रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यात उमेदवारी, मग क्रू येथील रेल्वे कारखान्यात काम, आणि १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात. मोठ्या रेल्वेला माल आणून देणाऱ्या स्वस्त, अरुंद फाट्या बांधाव्यात ही कल्पना त्याच्या डोक्यात येथेच बसली. १८८७ मध्ये त्याने त्यासाठी लंडनमध्ये कंपनी नोंदवली. पण प्रत्यक्ष करार व्हायला १८९५ उजाडले. १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही अडीच फूट रुंदीची, म्हणजे ७६२ मिलिमीटरची, रेल्वे सुरू झाली.

कॅलथ्रॉपच्या बुद्धीचे मर्म एका वाक्यात सांगता येते : भार सगळ्या आसांवर सारखा वाटा. इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, कोणत्याही एका आसावर ५ टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, असे त्याने ठरवले. एकदा हे पाळले की रूळ हलका चालतो. त्याने यार्डाला अवघ्या ३० पौंडांचे, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलोचे रूळ टाकले. पूल हलके, भराव हलका, खर्च हलका. लीड्सच्या किटसन कंपनीने इंजिने बांधली; त्यांना आठ जोडचाके, म्हणजे वजन पुष्कळ आसांवर पसरलेले. लीड्स फोर्ज कंपनीने दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्यांचे सांगाडे आणि बोग्या दिल्या. जहाजावर चढवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे खास रूळ टाकून या गाड्यांची परीक्षा घेण्यात आली आणि ती पाहायला रेल्वे व लष्कराची मंडळी जमली. या अनुभवावर पुढे इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड ही १९०४ ची छोटी रेल्वे उभी राहिली. म्हणजे या एका बाबतीत बार्शी ही वडील आणि स्टॅफर्डशायर धाकटे.

कॅलथ्रॉपविषयी आणखी एक सांगितल्याविना राहवत नाही. १९१० मध्ये विमान कोसळून चार्ल्स रोल्स मरण पावला. रोल्स-रॉइसमधला रोल्स, कॅलथ्रॉपचा परिचित. त्यानंतर या रेल्वे इंजिनिअरने हवाई छत्रीचा ध्यास घेतला आणि ‘गार्डियन एंजल’ नावाचे पॅराशूट बनवले, जे पहिल्या महायुद्धात वापरले गेले. शिवाय तो अरबी घोडे पाळी आणि घोड्याला मारझोड न करता शिकवण्यावर त्याने पुस्तकही लिहिले. भार कोणाच्या तरी अंगावर किती पडतो, हा विचार त्या माणसाचा पिच्छा सोडत नसावा. हा आपला माझा तर्क.

रेल्वेचे चाक गाडीच्या चाकाच्या उलट असते. तेथे चाक आसावर दाबून घट्ट बसवलेले असते आणि दोन चाके व आस मिळून एकजीव फिरतात. घर्षणाची जागा चाकाच्या पोटातून निघून आसाच्या बाहेरच्या टोकावर जाते. त्या टोकावर एक पेटी बसते. त्या काळच्या पेटीत वरून पितळी अर्धगोल टेकू, त्याला आतून मऊ पांढऱ्या धातूचे अस्तर, आणि खाली तेलात भिजवलेल्या सुती धाग्यांची गादी. टोक फिरताना गादीतून तेल वर ओढून घेते आणि पितळ व पोलाद यांच्यामध्ये तेलाचा पातळ पडदा तयार होतो. धातूचे अस्तर का? तेल क्षणभर संपले तर आधी ते मऊ अस्तर वितळावे, आस वाचावा. तरीही पेटी तापे, धूर येई, प्रसंगी आसाचे टोक मोडे. जुन्या रेल्वे कामगारांच्या तोंडी ‘हॉट अ‍ॅक्सल’ हा शब्द धोक्याचा म्हणूनच येतो.

आता तो उलटा हिशेब. पोलादी चाकाला पोलादी रुळावर लोळायला टनामागे एक-दोन किलो जोर पुरतो. गाडी धावत असताना तेलाच्या पडद्यामुळे पेटीचा विरोधही तितकाच, किलोभर. पण गाडी उभी राहिली की भाराखाली तेल पिळून निघते. पितळ पोलादाला टेकते. रेल्वेचे चाक आसाच्या टोकाच्या केवळ सात-आठ पट मोठे, त्यामुळे मोठ्या चाकाची ती जुनी मेहेरबानी येथे नाही. गाडी हलवताना टनामागे दहा-पंधरा किलो लागतात. रुळाच्या विरोधाच्या दसपट ! मातीच्या वाटेवर जो खर्च चिल्लर होता, तोच रुळावर मुद्दल झाला. रोलर बेअरिंगची खरी भूक जगात प्रथम कोणाला लागली असेल, तर ती अशा ठिकाणी.

अर्थात कल्पना जुनी होती. चाकाच्या आसात गोळ्या बसवण्याचे पहिले पेटंट १७९४ चे, वेल्समधील फिलिप वॉन याचे, आणि तेही घोडागाडीच्या आसासाठीच. पण एकसारख्या गोल आणि टणक गोळ्या बनवणार कोण? शंभर गोळ्यांत एक जरी मोठी निघाली तरी सगळा भार तिच्यावर येतो आणि ती फुटते. १८८३ मध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्टच्या फ्रीडरिश फिशरने गोळ्या घासून अचूक गोल करणारे यंत्र काढले, तेव्हा सायकलींना गोळ्या मिळाल्या. निमुळत्या रोळ्यांचे बेअरिंग आले ते १८९८ मध्ये, बार्शी लाइट सुरू झाल्यानंतर एका वर्षाने. पेटंट घेणारा हेन्री टिमकेन हा अमेरिकेतील सेंट लुईसचा गाड्या बांधणारा कारागीर. त्याची अडचण वळणांची होती. भरलेली गाडी वळते तेव्हा चाक आसावर नुसते खाली दाबत नाही, बाजूलाही रेटते. सरळ रोळा हा आडवा रेटा पेलत नाही. रोळा निमुळता केला आणि त्याची बैठकही तशीच उतरती ठेवली, तर एकच बेअरिंग दोन्ही दिशांचा भार घेते. अशी दोन बेअरिंगे समोरासमोर तोंड करून बसवली की चाक कोणत्याही बाजूला सरकत नाही.

टिमकेनने हे केले ते मोटारी रस्त्यावर फारशा नव्हत्या तेव्हा. जनावरांनी ओढायच्या गाड्यांसाठी. वैरागच्या टायरगाडीत मोटारीचे यंत्र बसले, असे मी वर म्हणालो ते म्हणून अर्धवटच खरे. ते यंत्र मोटारीत जाण्याआधी गाडीचेच होते. मग मोटारींनी ते उचलले, आणि कॅनडात १९३७ मध्ये बोंबार्दिएने पट्ट्यावर चालणारी हिमगाडी बनवली तोवर ‘स्पिंडल, दोन बेअरिंगे, वर नट’ ही मांडणी जगभर सर्वसामान्य झाली होती. शून्याखालच्या थंडीतली अशी जुनी गाडी खोलणारा आणि चाळीस अंशांच्या उन्हात वैरागला हब खोलणारा, यांच्या हातातील काम जवळपास एकच.

बार्शी लाइटचे पुढे असे झाले : १९०६ मध्ये एक फाटा पंढरपूरला गेला, १९११ पर्यंत लातूर गाठले, १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरज. सव्वातीनशे किलोमीटरचा हा पसारा कंपनीकडून सरकारने १९५४ मध्ये घेतला. कुर्डुवाडीचे वर्कशॉप हे त्याचे हृदय. आसपासच्या गावांतील किती घरांत बापलेकांनी तेथे चाके-आस चढवले-उतरवले असतील! २००० नंतरच्या काळात टप्प्याटप्प्याने रुळांचे रुंदीकरण झाले आणि अडीच फुटी गाडी गेली. वैरागला रूळ कधी आलेच नाहीत. तेथल्या मालाची मदार सडकेवर राहिली.

सडकेवरची क्रांती रबरी टायरने केली. लोखंडी धाव डांबर उकरते. टायर उकरत नाही. हवा भरलेले चाक दगड गिळते, हादरा बैलाच्या मानेपर्यंत पोचू देत नाही. पण टायरचे चाक लहान, त्रिज्या ३५-४० सेंटिमीटर. आता तो जुना तीसपटीचा फायदा चौदा-सोळा पटींवर आला. असे लहान चाक साध्या आसावर, नुसत्या वंगणावर फिरवले असते, तर टनामागे सहा-सात किलो आसातच गेले असते. टायरच्या स्वतःच्या विरोधात चांगलीच भर. म्हणजे टायर आला म्हणून बेअरिंग अटळ झाले. बेअरिंगचे घर्षण भाराच्या हजारात दोन भागांएवढे असते, तेव्हा चाक लहान असो की मोठे, आसाचा खर्च शून्यवत.

या पार्श्वभूमीवर एक सरकारी तक्ता वाचण्यासारखा आहे. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याखाली १९६५ मध्ये ओझी ओढणाऱ्या आणि वाहणाऱ्या जनावरांचे नियम आले. दुचाकी गाडीत लहान बैलासाठी मर्यादा अशी : टायर नसेल तर ५०० किलो, टायर असेल तर ७५०, आणि बॉल बेअरिंग असेल तर १,०००. मध्यम बैलासाठी ७००, १,०५० आणि १,४००. मोठ्यासाठी ९००, १,३५० आणि १,८००. दुपारी १२ ते ३ या वेळेत ३७ अंशांवर तापमान असता जनावर जुंपू नये, हेही त्याच नियमांत आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात याचा अर्थ महिनेच्या महिने दुपारची सुटी !

कायद्याने चाकाच्या पोटातील वस्तूची दखल घ्यावी, हे मला फार मोलाचे वाटते. परंतु तक्त्याचे अक्षर धरले तर बेअरिंगला टायरहून मोठे स्थान मिळते, आणि वरचा हिशेब त्याच्या विरुद्ध जातो. थोर चाकाच्या लोखंडी धावेच्या गाडीला बेअरिंग लावून ओझे दुप्पट करणे म्हणजे सात-आठ किलो वाचवून मातीत शंभर किलो वाढवणे. व्यवहारात बेअरिंग बहुधा टायरबरोबरच येते, म्हणून तक्ता निभावून जातो. मुद्दा निराळाच आहे. सुधारणा झाली की तिचा लाभ कोणाला द्यायचा? गाडी हलकी चालू लागली, तेव्हा बैलाचे कष्ट कमी करता आले असते. प्रत्यक्षात ओझे वाढले. साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर हंगामात फिरून पाहा. ऊसतोडीच्या टोळ्यांत ‘टायर सेंटर’, ‘गाडी सेंटर’, ‘डोकी सेंटर’ असे प्रकारच पडले आहेत. टायरगाडीत दोन टनांहून अधिक ऊस रचलेला असतो. सपाटीवर ती सहज चालते, हे खरे. पण चढावर बेअरिंग काहीच करू शकत नाही. चढावर ओढायचे असते ते वजन, आणि उतारावर रोखायचे असते तेही वजनच. पूर्वी आसाचे आणि धावेचे घर्षण उतारावर थोडे तरी आवरून धरी. आता मोकळे सुटलेले दोन-अडीच टन सगळे जुवावर, बैलांच्या मानेवर येतात. घसरलेल्या बैलांच्या बातम्या दर हंगामात येतात, त्या बहुतेक उताराच्या किंवा ओल्या वळणाच्या असतात.

दुसरा तोटा सुतार-लोहारांचा. तुंबा बाभळीचा होता तोवर झाड गावचे, हात गावचा, मजुरी धान्यात. बेअरिंग गावात बनत नाही. १९६० च्या दशकात स्वीडनच्या एसकेएफच्या सहभागाने चिंचवडला बेअरिंगचा कारखाना उभा राहिला. देशात आणखीही झाले. गावच्या गाडीला मात्र पुष्कळदा भंगारातील जीप-ट्रकचे आस आणि त्यांचीच बेअरिंगे मिळाली. धाव चढवण्याचा विधी संपला. काही लोहारांनी वेल्डिंगचे यंत्र घेतले आणि टायरगाडीचे लोखंडी साटे जोडू लागले. ज्यांना भांडवल जमले नाही ते मजुरीला गेले. वैरागच्या ज्या वर्कशॉपपासून धागा सुरू झाला, तसली वर्कशॉपे या स्थित्यंतराचीच अपत्ये. तेथल्या मिस्त्रीला तुंबा घडवता येईलच असे नाही, पण हब कसा बांधायचा हे त्याच्या बोटांना ठाऊक असते.

तेवढे सांगून थांबतो, कारण हे ज्ञान पुस्तकांत कमी आणि हातांत जास्त आहे.

धुतलेले बेअरिंग सुकले की मिस्त्री ते उजेडात धरून रोळा-रोळा फिरवतो. एखादा निळसर पडला असेल तर ते तापले होते, खड्डे असतील तर पाणी शिरले होते, दोन्ही बाद. हवेच्या नळीने ते गरगर फिरवून वाळवणे ही नवशिक्याची हौस. कोरडे फिरलेले रोळे एकमेकांना ओरबाडतात. हबमध्ये ठोकून बसलेला बाहेरचा कप आणि रोळ्यांचा आतला कोन ही जोडी एकत्र झिजलेली असते. जुन्या कपात नवा कोन घातला तर पैसे वाचतात आणि महिन्यात दोन्ही जातात. मग तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची कड त्यावर दाबत राहायचे, दुसऱ्या बाजूच्या फटींतून ग्रीस वर डोकावेपर्यंत. वरवर फासलेले ग्रीस पहिल्या फेरीतच बाहेर फेकले जाते.

आधी आतले मोठे बेअरिंग, त्यावर ऑइल सील. सीलचे तोंड आत. स्पिंडलवर हब सरळ सरकवायचा. तिरका गेला तर सीलचा ओठ फाटतो. मग बाहेरचे लहान बेअरिंग, वॉशर आणि खाचांचा नट. खरी परीक्षा येथे. चाक हाताने फिरवत नट आवळायचा, चाक जड होईपर्यंत, म्हणजे रोळे आपापल्या जागी बसतात. तेथेच सोडले तर पाच कोसांत बेअरिंग जळते. म्हणून नट पुन्हा सैल करायचा, नंतर नुसत्या बोटांनी टेकवायचा आणि पिनेचे भोक ज्या खाचेशी जुळेल तेथे थांबायचे. जुळत नसेल तर मागच्या खाचेकडे यायचे, पुढच्या नव्हे. चाक वरून-खालून धरून हलवले तर जाणवेल न जाणवेल इतका खेळ राहिला पाहिजे. मग पिन घालून तिची दोन्ही टोके फाकवायची. जुन्या खिळीचीच ही पणती. ग्रीस भरून टोपी ठोकली की दगड काढून गाडी खाली घेतात. मिस्त्री चाकाला एक हिसका देतो आणि बिडी काढतो. ती पेटवून होईपर्यंत चाक फिरत असले तर गाडीवान न बोलता पैसे मोजतो.